नवी चूल रुसली तेव्हा

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या तयारीत होते, तेवढ्यात मागच्या अंगणातून धुराचा ओळखीचा वास आला. जाऊन पाहते तर माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, भिंतीकडेला टाकून दिलेले जुने तीन दगड पुन्हा मांडले होते आणि त्यांवर अंघोळीच्या पाण्याचा हंडा चढवला होता. फुंकणीने विस्तव फुलवत होत्या आणि दर फुंकरीनंतर खोकत होत्या. आत स्वयंपाकघरात, पंधरा दिवस खपून बसवलेली नवी कोरी निर्धूर चूल थंड पडली होती. भिंतीवर मात्र दोनच दिवसांत काळे पट्टे उठले होते.

"अम्मी, पुन्हा हे कशाला?" मी विचारले.

"दुल्हन, तुमची चूल धूर पोटात ठेवत नाही आणि बाहेरही टाकत नाही. सगळा माझ्या तोंडावर सोडते. ही माझी निदान उघड्यावर तरी आहे."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण ती चूल अम्मींच्या खोकल्यासाठीच आणली होती.

बिडी ओढता का?

त्याआधी दोन महिने आम्ही अम्मींना डॉक्टरांकडे नेले होते. चार पायऱ्या चढल्या की त्यांना धाप लागे आणि थंडीत रात्ररात्र खोकला चाले. डॉक्टरांनी एका यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावले. निघालेला आकडा पाहून त्यांनी विचारले, "आजी, बिडी ओढता का?" अम्मींना हसू आवरेना. आयुष्यात त्यांनी पानसुद्धा खाल्लेले नाही. मग डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केलात?" अम्मींनी बोटे मोजली आणि म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून. पन्नास तरी झाली."

फुप्फुसाच्या या आजाराला सीओपीडी म्हणतात. यात श्वासनलिका हळूहळू अरुंद होत जातात. बिडी-सिगारेट हे त्याचे मोठे कारण आहे, पण आपल्याकडच्या हजारो बायकांना तो तंबाखूला हात न लावता होतो. लाकूड, पऱ्हाटी, गोवऱ्या अर्धवट जळतात तेव्हा डोळ्यांना न दिसणारे बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. ते कण नाका-घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालची मुलेही मोठ्या संख्येने आहेत, कारण आई चुलीपाशी बसली की तान्हे मूलही तिच्या मांडीवरच असते.

घरात गॅस असताना चूल कशाला?

हा प्रश्न पुष्कळजणी विचारतील. आमच्याकडे गॅस आहे आणि रोजचा चहा, भाजी, डबे त्यावरच होतात. पण सोनईसारख्या गावात चूल सुटत नाही, याची कारणे साधी आहेत. थंडीत पहाटे वुजूला आणि सात माणसांच्या अंघोळीला गरम पाणी लागते. भाकरीचा ढीग भाजायचा असतो. पाहुणे आले की मोठे पातेले चढते. एवढे सगळे गॅसवर केले तर सिलिंडर महिना पुरत नाही. उलट शेतातली पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, बांधावरची बाभूळ हे जळण फुकटात मिळते. देशभरची गोष्टही फार वेगळी नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि गॅस घरोघर पोहोचला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे ५८.६ टक्केच होती. ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांपैकीही अनेकींच्या घरामागे चूल पेटतेच.

म्हणून आम्ही ठरवले की चूल बंद होणार नसेल तर तिचा धूर तरी घराबाहेर काढू.

अशी चूल ही काही कालची गोष्ट नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत स्वातंत्र्याच्या सुमारास 'मगन चूल' तयार झाली होती. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ मध्ये थांबला, तोवर देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या गेल्या होत्या. आपल्या महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, या विषयावर बरेच काम केले. दोन भांड्यांची, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल साच्यातून कशी काढायची, याचे शिक्षण खेड्यांतल्या कारागिरांना दिले. मुळात ही कल्पना आपल्या आज्यांचीच आहे. चुलीशेजारी त्या वैल ठेवत. पुढे भाकरी आणि मागे वैलावर कालवण, एकाच जाळावर दोन कामे होत. सुधारित चुलीने त्या वैलाला फक्त धुराड्याची जोड दिली.

साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्याला मिळतो आणि उरलेली हवेत जाते. सुधारित चुलीत हे प्रमाण दुप्पट व्हावे, अशी सरकारी कार्यक्रमाची अपेक्षा होती. म्हणजे चूल नीट चालली तर धूर बाहेर जातो आणि लाकूडही वाचते. सगळी अडचण 'नीट चालली तर' या तीन शब्दांतच आहे.

चूक कोणाची?

आमची चूल साच्यातली, सिमेंटची आहे. मिस्त्रींनी ती बसवली, आठ दिवस तिच्यावर पाणी मारले, पुढचा आठवडा सावलीत सुकू दिली. तिथपर्यंत सगळे ठीक होते. मग पहिल्याच दिवशी धूर तोंडातून परत आला. मी अम्मींना म्हणाले, "तुम्हाला सवय नाही, जळण जास्त कोंबता." दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसले, तेव्हा माझेही डोळे चुरचुरले. तिसऱ्या दिवशी वर सांगितलेला प्रकार झाला.

त्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मी विज्ञानाच्या सरांना हे सांगितले. ते हसले नाहीत. खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, आपल्या मुळा कारखान्याचं धुराडं एवढं उंच कशाला बांधलंय?"

मी म्हटले, "धूर लांब जावा म्हणून."

"ते आहेच. पण धुराडं ओढही घेतं. आतली हवा गरम, म्हणून हलकी. ती वर चढते आणि खालून ताजी हवा आत खेचते. धुराडं जितकं उंच आणि जितकं गरम, तितकी ओढ जास्त. तुमच्या चुलीला धूर वर न्यायला माणूस लागत नाही, ओढ लागते. ती कुठे तुटते ते शोधू. संध्याकाळी एक अगरबत्ती काढून ठेवा."

संध्याकाळी सर आले. थंड चुलीच्या तोंडाशी त्यांनी पेटती अगरबत्ती धरली. तिचा धूर आत जायला हवा होता, पण तो सरळ आमच्याकडे आला. मग त्यांनी आम्हाला बाहेर नेऊन छपराकडे पाहायला सांगितले. तिथे आमची पहिली चूक दिसली आणि ती माझी होती. घराची पुढची बाजू वाईट दिसू नये म्हणून मीच मिस्त्रींना पाइप भिंतीतून आडवा काढायला लावला होता. तो पत्र्याच्या कडेपर्यंतच चढला होता आणि शेजारच्या दुमजली भिंतीला जवळजवळ चिकटला होता. वारा त्या भिंतीवर आपटून खाली वळत होता आणि धूर पाइपात परत ढकलत होता.

दुसरी चूक आत होती. थंडीमुळे आम्ही दार-खिडकी घट्ट लावून चूल पेटवत होतो. जितकी हवा वर जाते तितकी खोलीत यायला हवी, नाहीतर ओढ थांबते. सरांनी खिडकी चार बोटे उघडली आणि अगरबत्तीचा धूर जरासा आत वळला. अम्मी पाटावरून उठून जवळ आल्या.

तिसरी चूक जळणात होती. बांधावरची बाभूळ आम्ही पंधरवड्यापूर्वीच तोडली होती. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे आमचा जाळ आधी लाकूड वाळवत होता आणि मग उरलेल्या जोरावर पाणी तापवत होता. अशा थंड जाळाने धुराडे गरम होत नाही आणि गरम झाले नाही तर ओढही लागत नाही.

चौथी चूक अम्मींनी स्वतःच ओळखली. मागच्या वैलावर भांडे नसले की तिथून भसाभस धूर येतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिले होते. "मी सांगणार होते, पण मला विचारलं कोणी?" त्या म्हणाल्या. खरेच, चूल कुठे बसवायची, तोंड किती उंच ठेवायचे, पाइप कुठून काढायचा, यातले काहीच आम्ही त्यांना विचारले नव्हते. चुलीपाशी पन्नास वर्षे बसलेल्या बाईला सोडून आम्ही सगळ्यांचा सल्ला घेतला होता.

दुरुस्ती

पुढच्या रविवारी मिस्त्री पुन्हा आले. आडवा पाइप काढून चुलीपासून सरळ वर, पत्र्यातून बाहेर नेला. पत्र्याच्या वर तीन फूट उंची ठेवली आणि शेजारच्या भिंतीपासून तो दूर घेतला. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून टोपी बसवली, मात्र टोपी आणि पाइपाच्या तोंडात धूर जाण्याइतकी मोकळी जागा सोडली. सांधे मातीने लिंपले. छपराच्या लाकडी वाशापासून पाइप वीतभर लांब ठेवला, कारण तो चांगलाच तापतो. आम्ही जस्ताच्या पत्र्याचा पाइप घेतला. कोणाकडे ॲस्बेस्टॉसचा जुना पाइप पडून असेल तर तो कापू-तासू नये, त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक असते.

पेटवण्याआधी सरांनी सांगितल्याप्रमाणे अम्मींनी वर्तमानपत्राचा एक कागद पेटवून चुलीच्या मागच्या भागात, धुराड्याच्या तळाशी सरकवला. थंड धुराड्यात थंड हवा बसलेली असते, ती कागदाच्या धगीने आधी हलते. मग तुराट्या, आणि त्या पेटल्यावर दोन सुक्या ढलप्या. जाळ मागे वळला आणि पाइपातून हलका घोंघावण्याचा आवाज येऊ लागला. अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वर पाहून म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह, ओढतेय."

चूल रुसली तर काय पाहावे

ज्यांच्या घरी अशी चूल आहे किंवा बसवायची आहे, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातल्या गोष्टी क्रमाने देते.

१. नवी चूल घाईने पेटवू नये. सिमेंटची असेल तर आठवडाभर पाणी मारून मग सुकू द्यावी. मातीची असेल तर सावलीत पूर्ण वाळू द्यावी. पहिले दोन-तीन दिवस छोटाच जाळ करावा. एकदम मोठा जाळ केला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तडे जातात. केसासारख्या बारीक भेगा लिंपून भरता येतात.

२. धूर तोंडातून परत येत असेल तर आधी खिडकी उघडून पाहावी. फरक पडला तर खोलीत हवा कमी आहे. फरक पडला नाही तर पाइप पाहावा. तो आडवा आहे का, आखूड आहे का, उंच भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला आहे का?

३. वारा सुटल्यावरच त्रास होत असेल तर पाइपाची उंची आणि टोपी तपासावी. फक्त पेटवतानाच धूर येत असेल तर धुराडे थंड आहे, कागदाची युक्ती करावी.

४. पूर्वी नीट चालणारी चूल हळूहळू धूर सोडू लागली तर पाइपात काजळी साठली आहे असे समजावे.

५. वैलावर भांडे नसेल तर त्यावर पाण्याचे पातेले ठेवावे. पाणीही तापते आणि धूरही अडतो. भांड्याचे बूड भोकावर नीट बसायला हवे. लहान भांड्यासाठी लोखंडी कडे करून घ्यावे.

६. तोंड जळणाने गच्च भरू नये, अर्धे मोकळे ठेवावे, कारण हवा तिथूनच आत जाते. लाकडे अंगठ्याएवढी जाड फोडावीत. लांब ओंडका बाहेर लोंबकळत ठेवला तर तोंडाशीच जळतो आणि खोलीत धूर करतो. खालची राख रोज काढावी.

७. लाकूड सुके आहे की ओले, हे दोन तुकडे एकमेकांवर आपटून कळते. सुके खणखणीत वाजते, ओले भद्द वाजते. सुक्याच्या टोकांना चिरा पडलेल्या असतात आणि साल सुटते. ओले पेटवले की टोकाशी फेस येतो. लाकडे फोडून, जमिनीपासून विटांवर उचलून, छपराखाली पाच-सहा महिने ठेवावीत. पावसाळ्यासाठीचे जळण उन्हाळ्याच्या आधीच रचायला हवे.

८. प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबर, रंग दिलेले लाकूड चुलीत कधीही घालू नये. त्यांचा धूर साध्या धुरापेक्षा विषारी असतो.

९. थंडीच्या रात्री उरलेले निखारे शेगडीत भरून बंद खोलीत ठेवू नयेत. निखाऱ्यातून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. रमजानमध्ये सहेरीला चूल पेटते आणि घर बंद असते, तेव्हा तर एक खिडकी उघडी हवीच.

चुली का टाकून दिल्या जातात

एवढ्या चुली वाटल्या गेल्या, मग त्या गेल्या कुठे? ओडिशात रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या चुली मिळालेल्या घरांची चार वर्षांपर्यंत पाहणी केली. यांपैकी डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झालेला दिसला. पुढच्या वर्षांत तो फरक उरला नाही. चुली वापरात राहिल्या नाहीत आणि त्यांची निगाही राखली गेली नाही. चूल मिळाली, पण ती बिघडली तर काय करायचे आणि धुराडे साफ कोणी करायचे, हे घरात ठरले नव्हते.

हे वाचल्यावर आम्ही घरात एक गोष्ट ठरवली. चूल अम्मींची आणि माझी, पण धुराडे पुरुषांचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचे हे आणि नववीतला मुलगा थंड पाइप सोडवून, दोरीला पोत्याचा बोळा बांधून तो आरपार ओढतात. पहिल्या महिन्यात घमेलेभर काजळी निघाली आणि ती चिकट होती, कारण सुरुवातीचे जळण ओले होते. हल्ली कोरडी आणि थोडीच निघते. ही काजळी साठू दिली तर धुराड्यातच आग लागू शकते, म्हणून हे काम पुढे ढकलायचे नाही. मुलगा पहिल्यांदा कुरकुरला होता. त्याला म्हटले, "दादीने तुझ्या बापाला आणि तुला भाकरी घातली, तिचा धूर तू महिन्यातून एकदा अंगावर घे." आता तो न सांगता दोरी काढतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगते

धुराड्याची चूल म्हणजे गॅस नव्हे. ती कितीही चांगली चालली तरी थोडा धूर खोलीत राहतोच आणि बाहेर पडलेला धूर गल्लीत फिरतो. ज्या घरात दम्याचा किंवा सीओपीडीचा रुग्ण आहे, गरोदर बाई किंवा तान्हे मूल आहे, तिथे शक्य तेवढा स्वयंपाक गॅसवरच करावा. अम्मींच्या फुप्फुसांचे जे नुकसान झाले ते भरून येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. औषधाचा पंप चालूच आहे. आपण फक्त पुढचे नुकसान थांबवू शकतो. म्हणून आता अम्मी चुलीपाशी कमी बसतात. पाणी तापवणे मुलांच्या अब्बांकडे आणि भाकरी माझ्याकडे आली आहे.

तरी त्यांचे लक्ष असतेच. परवा मी घाईत एक लांब ओंडका चुलीत सारला. आतल्या खोलीतून आवाज आला, "दुल्हन, फोडून घाल. नाहीतर पुन्हा रुसेल ती."

अगरबत्तीचा एक पुडा आम्ही अजून चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवतो. चूल पेटवण्याआधी एक काडी तोंडाशी धरायची. धूर आत गेला तर जाळ करायचा. बाहेर आला तर आधी खिडकी, मग पाइप, मग जळण पाहायचे. अंगणातले ते तीन दगड आता कुंड्यांखाली आहेत.